पिन मारलेलं पान

तान्या, तुझ्या शोकसभेला मी आलो नाही. मुद्दाम आलो नाही. सकाळी पांढरा शर्ट घालून सातारा स्टँडवर गेलो होतो. सांगलीची गाडी लागलेली होती. तिच्यासमोर उभा राहून चहा प्यालो, गाडी निघून गेली, आणि मी लॅबमध्ये येऊन बसलो.

संध्याकाळी एकाने फोन करून सगळा वृत्तांत दिला. तुला देवमाणूस म्हणाले म्हणे. तुझ्याइतका शांत डॉक्टर सांगलीत झाला नाही, असंही कुणी म्हणालं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मिरजेच्या होस्टेलात पातळ आमटीवरून मेसचं पातेलं कुणी पालथं केलं होतं, हे सांगायला तरी मी यायला हवं होतं. आता तुझ्यावर आठवणींचा अंक काढणार आहेत आणि माझ्याकडे लेख मागितलाय. 'तुमचा जुना मित्र, जरा मनापासून लिहा,' असं म्हणाले. मनापासूनच लिहितो. मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तीन आठवडे झाले तरी तो उतरायचं नाव घेत नाही.

आपला व्यवहार वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून आधी तो सांगावा लागेल. तुला माहीत असलेलंच तुला सांगतोय, तेवढं सोस. तू सांगलीत पॅथॉलॉजिस्ट, मी साताऱ्यात. पेशंटच्या पोटातला चिमूटभर तुकडा काचेवर यायचा, त्याला रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि सांगायचं की हा कॅन्सर आहे की नाही, आणि असला तर कसला. एकट्याने सांगायची छाती होत नसे अशा काचा आपण एकमेकांकडे धाडायचो. औषधाच्या खोक्यात कापूस घालून, एसटीच्या पार्सलने. वीस वर्षं. काचेवरच्या नावावर चिकटपट्टी लावायची. वर लिहायचं फक्त वय, बाई की पुरुष, आणि अवयव. पाठवणाऱ्याने आपलं मत आधी वहीत लिहायचं, पान दुमडायचं आणि त्याला स्टेपलरची पिन मारायची. दुसऱ्याने काच बघून फोन करायचा आणि आपलं मत सांगायचं. मग पहिल्याने फोन कानाला धरूनच पिन उपसायची आणि एकच शब्द बोलायचा. जुळलं. नाहीतर, न्हाई जुळलं.

तुझ्या आवाजातलं ते 'जुळलं, गड्या' मी किती वेळा ऐकलं असेल. ते ऐकलं की मी रिपोर्टवर सही करायचो आणि जेवायला उठायचो.

हा नियम माझा होता, आणि तो का होता हे मी तुला कधी विसरू दिलं नाही. फलटणच्या माझ्या मामाच्या जठराची काच मी तुला नावासकट धाडली होती. मला शंका होती, पण घरच्या माणसाच्या काचेवर स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. तुलाही मामा परका नव्हता. त्याच्या उसाच्या फडात बसून तू दुपारभर जेवला होतास. तू लिहिलंस, 'सूज वाटते, दोन महिन्यांनी पुन्हा बघावे.' ती सूज नव्हती. दोन महिन्यांत मामा निम्मा झाला आणि नंतर फार दिवस राहिला नाही. तू साताऱ्याला येऊन माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "मामा हाय म्हणून मऊ वाचलं रं. चुकलं माझं." यावर माणूस 'असू दे' म्हणतो. मी म्हणालो, "हितनं पुढं काचेवर नाव नको." तू खाली जाऊन चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन आलास, माझ्या टेबलावर ठेवलीस आणि परत गेलास.

आता तुझ्या त्या पेवाबद्दल. तुझे वडील हरिपुरात हळदीची पेवं भरायचे. जमिनीत खोल कोठार खणलेलं, त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने असं लिंपायचं की आत हवा जाऊ नये, पाण्याचा थेंब जाऊ नये. हे ज्याला ठाऊक नाही असा तुझा एकही विद्यार्थी नसेल, कारण तुझं प्रत्येक व्याख्यान पेवापासून सुरू व्हायचं. जठराच्या, आतड्याच्या, यकृताच्या पेशी एकमेकींना अशाच घट्ट सांधलेल्या असतात. अन्न, पित्त, जंतू ज्याने त्याने आपल्या बाजूला राहावं म्हणून. त्या सांध्याला आपण टाइट जंक्शन म्हणतो, आणि त्यात क्लॉडिन, ऑक्लुडिन असली प्रथिनं शिवण घातल्यासारखी बसलेली असतात. कॅन्सरमध्ये ही शिवण बिघडते. इथवर आपलं एकमत होतं. भांडण पुढे होतं. तू म्हणायचास, सांधा आधी झिरपतो, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत येतं, सूज धरते आणि मग पेशी बिघडतात. मी म्हणायचो, पेशी आधी बिघडते आणि बिघडलेल्या पेशीला सांधा धरवत नाही.

"पेव आधी झिरपतंय, मग हळद कुजती," तू म्हणायचास. "माझ्या बापाला इचार."

"तुझा बाप पॅथॉलॉजिस्ट न्हवता," मी म्हणायचो.

"म्हणून तर त्याला कळत हुतं."

पंधरा वर्षं हेच. आतड्याच्या काचेत क्लॉडिन पेशीच्या कडेवरून सरकून आत गेलेलं दिसलं की तू फोन करून मिरवायचास. यकृताच्या काचेत तेच क्लॉडिन एका पेशंटमध्ये ओसरलेलं आणि दुसऱ्यात दुप्पट चढलेलं निघालं की मी करायचो. यकृतात ही प्रथिनं कुणाच्याच बापाचं ऐकत नाहीत, आणि त्यामुळे आपलं भांडण मिटण्याची भीती नव्हती. एकदा कराडला लग्नात भेटलो तर पंगतीत पत्रावळीवर भाताची भिंत करून तू मला झिरपणं दाखवत होतास. आमटी शेजारच्या पाहुण्याच्या धोतरावर गेली. तुझा मुद्दा तेवढ्यापुरता सिद्ध झाला असेल.

मग ते नवं औषध आलं. जठरात एक क्लॉडिन असतं. निरोगी जठरात ते सांध्यात दडलेलं असतं, औषधाला सापडत नाही. कॅन्सरने पेशी अस्ताव्यस्त झाल्या की सांधा उघडा पडतो, ते क्लॉडिन वर येतं आणि औषध नेमकं त्याला धरतं. तू लहान पोरासारखा खूश झाला होतास. "फुटलेल्या पेवातनंच औषध शिरतंय बघ," असं मला दहा वेळा ऐकवलंस. पण ते सगळ्यांना देत नाहीत. कॅन्सरच्या चारातल्या तीन पेशी तरी कडेने नीट रंगल्या पाहिजेत. शंभरात पंचाहत्तर. खाली असेल तर निगेटिव्ह आणि औषध नाही. ते मोजायचं काम तुझ्या-माझ्यासारख्यांकडे आलं.

गेल्या दिवाळीनंतर तुझं खोकं आलं. पुरुष, वय एकोणसाठ, जठर. क्लॉडिनचा रंग दिलेली एक काच, तिच्यावर पाच तुकडे. मी दोनदा मोजलं आणि तुला फोन केला. आपण एकमेकांशी कायम गावचंच बोलायचो.

"माझ्याच वयाचा हाय की तुझा पेशंट," मी म्हणालो.

मी पुढे आकडा सांगितला.

"साठाच्या वर जात न्हाई. निगेटिव्ह."

मी पिन उपसल्याचा आवाज यायची वाट बघितली. तो आला नाही.

"पुन्हा बघ," तू म्हणालास.

वीस वर्षांत तू असं म्हणाला नव्हतास. मला ते लागलं. "काय बघू?"

"तिसरा तुकडा बघ की. कसला रंग चढलाय त्याला."

"चढलाय. बाकीच्या चारांचं काय? एका तुकड्यावर रिपोर्ट देत्यात व्हय? पुन्हा बायोप्सी करून घे म्हणावं."

"दोनदा झालीया. तिसऱ्यांदा नळी गिळायची त्याची तयारी न्हाई."

"मग त्याची तयारी न्हाई म्हणून मी रंग चढवू का? तुझा कोण सोयरा हाय का रं, एवढा वडतोयस ते?"

"हाय म्हण."

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. "मामाच्या येळचं झालं तेवढं बास, तान्या," मी म्हणालो. "तू मऊ वाचतोस. मला जमत न्हाई."

तुझ्या खिडकीखालून कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला, तेवढं ऐकू आलं. मग तू म्हणालास, "बरं. ऱ्हाऊ दे. तू म्हंतोस तसंच." आणि फोन ठेवलास. जुळलं म्हणाला नाहीस. न्हाई जुळलं, असंही म्हणाला नाहीस.

मी त्याचा सरळ अर्थ लावला. तुझ्या पानावर पंचाहत्तरच्या वरचा आकडा होता, माझ्याशी जुळत नव्हता, आणि ते मला सांगायचीही तुझी इच्छा नव्हती. मला वाटलं, सोयऱ्यासाठी हा माणूस पुन्हा मऊ वाचतोय, शहाणा काही शिकला नाही. मी ठरवलं, आता आपण होऊन फोन करायचा नाही. संक्रांत गेली. शिवरात्र गेली. तुझ्याकडून एकही काच आली नाही, तेव्हा मी म्हणालो, बसू दे रुसून. मला त्यात एक प्रकारचं सुखही वाटत होतं, हे लिहून ठेवतो. तुझ्याशी भांडणात जिंकल्याचं सुख मला फार वेळा मिळालेलं नव्हतं.

आणि मग चैत्रात सुलभावहिनींचा फोन आला की तू गेलास.

मी तुझ्या मातीला पोचलो नाही. तिसऱ्या दिवशी हरिपूरला घाटावर आलो. तुझी बायको माझ्याशी सरळ बोलते म्हणून मला ती नेहमीच तुझ्यापेक्षा बरी वाटत आलीय. मी विचारलं, काय झालं होतं, कधी झालं, मला कुणी का कळवलं नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड पांघरून आलोय.

"आवं भावजी, तुमच्याकडंच की धाडली होती काच," ती म्हणाली. "दिवाळीनंतर. जठराची. तुमचा फोन झाला आन् त्यांनी फाईल मिटून कपाटात टाकली. म्हनले, मोहन्या न्हाई म्हंतोय म्हंजे न्हाई. मग साधी केमो तेवढी घेतली."

मी पायरीवर बसलो.

"आन् तुमास्नी सांगायचं न्हाई, अशी शपथ घातलेली मला," ती म्हणाली. "म्हनले, त्याला कळलं तर त्यो मऊ वाचंल. आन् मग जलमभर सोताला खात बसंल."

वा रे शहाण्या. आणि आता मी काय करतोय असं तुला वाटतं? आता काय मी मिरजेत गाणं ऐकत बसलोय? तुला माझी एवढी काळजी होती तर काच पुण्याला धाडायची, मुंबईला धाडायची. अख्ख्या मुलखात सूक्ष्मदर्शक काय फक्त माझ्याकडेच आहे? माझ्या नियमाच्या आड लपून तू स्वतःचं पोट माझ्या टेबलावर ठेवलंस आणि मला सांगितलंही नाहीस. मी त्या काचेवर झुकून चहाचा घोट घेतला असेल. लॅबमधल्या बाईंना म्हणालो असेन, ह्याचं काही खरं नाही. घाटावर मला वाटलं, तू मामाचा सूड घेतलास. वीस वर्षं टोमणे ऐकलेस आणि शेवटी मला असं काहीतरी करायला लावलंस की मी पुन्हा तोंड वर काढू नये. हे मी तुझ्याबद्दल मनात आणलं. मागे घेणार होतो, पण लगेच जमलं नाही.

तेराव्याला वहिनींनी मला एक पिशवी दिली. त्यात ती काच होती आणि तुझी वही. "हे तुमच्या दोघांचं," ती म्हणाली. वहीतल्या शेवटच्या लिहिलेल्या पानाला पिन तशीच होती. तू ती काढलीच नव्हतीस.

ती वही घेऊन मी साताऱ्याला आलो आणि चार दिवस उघडली नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली होती. हे तुझ्या जिवंतपणी मी कबूल केलं नाही, कारण तू ते चार लोकांत सांगितलं असतंस. तुझ्या पानावर ऐंशी असेल तर ऐंशीच खरं. मग त्या औषधाच्या आणि तुझ्या मध्ये मी उभा होतो, दुसरं कुणी नाही. औषधाने तू वाचला असतास असं नाही. पण काही महिने मिळाले असते, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी तू मला फोन केला असतास.

म्हणून मी आधी काच घेतली. नाव माहीत झालेलं असूनही चिकटपट्टी काढली नाही. मित्राच्या पोटातला तुकडा बघताना काय होतं ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न आले. दुसऱ्या दिवशी बासष्ट. तिसऱ्या दिवशी, तान्या, मी मऊ वाचायला बसलो. खरंच बसलो. फिकट रंगलेल्या पेशी बघून स्वतःला म्हटलं, हीपण घे, तीपण घे. पुसट रेघेला रेघ म्हटलं. तरी सत्तरच्या पुढे जाता येईना. तिसऱ्या तुकड्यात मात्र तू म्हणालास तसा रंग सुरेख चढला होता, प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ, खुराड्याच्या जाळीसारखी. आणि पाचव्या तुकड्याच्या कडेला आणखी एक दिसलं. कॅन्सर संपून जिथे बऱ्या पेशी सुरू होतात, तिथे पेशी अजून धडधाकट दिसत होत्या आणि त्यांच्यामधली रेघ मात्र तुटक झालेली होती. म्हणजे कुजायच्या आधी झिरपलेलं. तुझा मुद्दा, तुझ्याच पोटात. तू तो पाहिला असणारच, आणि त्याबद्दल चकार शब्द बोलला नाहीस. एका काचेवर काही सिद्ध होत नसतं, हे मी आजही म्हणेन. पण तू हयात असतास तर त्या दिवशी मी हरलो म्हणालो असतो, आणि ते ऐकायला तू नाहीस, याचाही मला रागच येतो.

काल सकाळी दहा वाजता, आपली फोनची वेळ असायची तेव्हा, मी पिन उपसली.

तुझं अक्षर कधी सुधारलं नाही. 'पुरुष, ५९, जठर. क्लॉडिन पंचावन्न. फार तर साठ. निगेटिव्ह.' बस. खाली खोकं पाठवायच्या आदल्या दिवसाची तारीख.

म्हणजे मी फोनवर आकडा सांगत होतो तेव्हा हे पान तुझ्यासमोर होतं. तुला माहीत होतं. मऊ वाचून घ्यायचं असतं तर तुला फक्त नाव सांगायचं होतं, आणि मी काय केलं असतं हे तुलाही ठाऊक होतं, मलाही आहे. ते तू केलं नाहीस. स्वतःची काच तू कडक वाचलीस, आजवर कुणाची वाचली नसशील इतकी. आणि मग फोनवर माझा आवाज ऐकून तुला भीती वाटली. एवढंच झालं. त्या भीतीपोटी तू एकदा 'पुन्हा बघ' म्हणालास, आणि मी तुझ्या तोंडावर मामा फेकला. कोण सोयरा हाय का, असं विचारलं, तर तू खरं तेच सांगितलंस. मी ऐकलं नाही.

सूड वगैरे जे म्हणालो ते मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही. रिपोर्ट बरोबर होता, तुझ्याच अक्षरात बरोबर होता, आणि त्याने मला अजिबात बरं वाटलेलं नाही. पिन तुझ्या हाताशी होती. ओढायची आणि नेहमीचा तो एक शब्द बोलायचा. मग मला कळलं असतं की हा माणूस माझ्याशी भांडत नाहीये. मग मी विचारलं असतं, तान्या, मग पुन्हा बघ का म्हणालास, कुणाची आहे ही काच. मी पहिली गाडी धरून आलो असतो. पाच महिने मी तुझ्या घरी येऊन बसलो असतो, तुझ्या बापाच्या पेवाबद्दल रोज ऐकलं असतं.

त्याऐवजी पाच महिने मी समजत होतो की आपलं जुळलं नाही. जुळलं होतं की रं, गड्या. मग तेवढं सांगायचं होतंस.